दान, नियोजन की संविधान? पेण-रोह्यातून समाजवादाकडे पाहताना

अभ्यासवर्गात एक प्रश्न हमखास निघतो. बाबासाहेब थोडेफार वाचलेला, मार्क्सशी नुकतीच ओळख झालेला एखादा तरुण उठतो आणि विचारतो, "कायदे करत करत समाजवाद येतो का? की त्याला क्रांतीच लागते?" त्यावर दोन ठरावीक उत्तरे मिळतात. डावे मित्र म्हणतात, संसद हा भांडवलदारांचा देखावा आहे आणि सुधारणा म्हणजे भुकेल्याच्या तोंडावर फेकलेला तुकडा. आपल्यातले काही जण म्हणतात, संविधान आहे ना, ते नीट राबवले की झाले.

आम्हाला ही दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. पहिले उत्तर देणारा सुधारणेने कोणाला काय मिळाले हे मोजत नाही. दुसरे उत्तर देणारा ती सुधारणा कोणी, कशी मिळवली हे विसरतो. म्हणून रशिया आणि चीनकडे जाण्याआधी आपल्याच जिल्ह्यात हा प्रश्न तपासून पाहू. पेण आणि रोहा हे रायगडचे दोन तालुके. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. सत्याग्रह, शेतकऱ्यांचा संप, विधेयक, कूळ कायदा, भूदान, पंचवार्षिक योजना, गावकऱ्यांचे सार्वमत, असे सुधारणेचे जवळजवळ सगळे मार्ग या जिल्ह्याने किंवा इथल्या माणसांनी चालून पाहिले आहेत. कोणत्या मार्गाने कोणाच्या हातात काय पडले, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

वाद जुना आहे

हा वाद सव्वाशे वर्षांचा आहे. १८९९ साली जर्मनीत एदुआर्द बर्नस्टाइनने मांडले की, मतदानाचा हक्क, कामगार संघटना आणि सहकारी संस्था यांच्या बळावर समाजवाद हळूहळू आणता येईल. रोझा लक्झेंबर्गने त्याला खणखणीत उत्तर दिले. तिचे म्हणणे असे होते की, सुधारणांचा लढा लढायचाच, पण ते साधन आहे. सत्ता ताब्यात घेतल्याशिवाय भांडवलशाहीचा पाया हलणार नाही. इंग्लंडमध्ये फेबियन मंडळींनी तिसरा सूर लावला. तज्ज्ञांनी अभ्यास करावा, अहवाल लिहावेत, राज्यकर्त्यांच्या गळी उतरवावेत आणि समाजवाद कायद्यांच्या वाटेने यावा. बाबासाहेब ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, ती संस्था याच फेबियनांनी १८९५ मध्ये काढली.

त्यामुळे बाबासाहेबांना 'फेबियन' असा शिक्का मारून मोकळे होणारे बरेच आहेत. ते चूक आहे. युरोपातल्या तिन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: कामगार हा एक वर्ग आहे. इथे कामगार आधीच जातींच्या उतरंडीत वाटलेला होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी समाजवाद्यांना हाच प्रश्न केला. क्रांतीनंतर आपल्याला समान वागवले जाईल अशी खात्री नसेल, तर माणूस दुसऱ्या जातीच्या माणसाबरोबर क्रांतीला का येईल? हा प्रश्न क्रांतिवाद्यांना जितका लागू आहे तितकाच सुधारणावाद्यांनाही आहे.

ठराव आणि पावले

पहिला धडा महाडचा. महाड याच कुलाबा जिल्ह्यातले. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे सुधारणा झाली होती. कागदावर सही-शिक्का होता. पण कोणीही अस्पृश्य त्या तळ्यावर जाऊ शकत नव्हता.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून लोक तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्यानंतर मारहाण झाली, शुद्धीकरण झाले, दिवाणी दावा लागला. तो दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला.

इथे सुधारणा आणि क्रांती वेगळी काढून दाखवा. ठराव नसता तर पोलिसांपुढे आणि कोर्टापुढे उभे राहायला आधार नव्हता. पावले पडली नसती तर ठराव नगरपालिकेच्या दप्तरात कुजला असता. आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली नसती, तर लढा फक्त पाण्याचा आहे असेच सगळ्यांना वाटत राहिले असते. कायदा, लोकांची चळवळ आणि मनातल्या गुलामीवर घाव, या तिन्ही गोष्टी एकाच वर्षात एकाच गावात दिसल्या.

खोताची जमीन

दुसरा धडा जमिनीचा. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोती होती. खोत म्हणजे मुळात सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारा. पण सरकारची रक्कम भरली की कुळाकडून किती आणि काय घ्यायचे, याला फारसा धरबंध नव्हता. धान्यात खंड, वर वेठ, वर खोताच्या दारातली कामे. शेत कसणारे बहुतेक कुणबी, आगरी, महार. खोत बहुतेक वरच्या जातींतले.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी शेतकऱ्यांनी संप जाहीर केला. जमीन कसायची नाही, असा संप. नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले. संपात मुख्यतः खारेपाटातली आगरी कुळे होती. शेते ओसाड पडली आणि लोकांनी लाकूडफाटा विकून, खाडीतले मासे-चिंबोऱ्या धरून दिवस काढले. हा संप सुमारे सहा वर्षे चालला. १९३४ च्या डिसेंबरात चरीला शेतकरी परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. जे आजही बाबासाहेबांना 'एका जातीचे नेते' म्हणतात, त्यांनी ही तारीख पाठ करावी.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यातल्या दोन कलमांकडे नीट पाहा. एक, खोताला वाजवी भरपाई द्यायची. दोन, जो प्रत्यक्ष जमीन कसतो आहे त्याला सरकारचा थेट खातेदार करायचे. म्हणजे जप्ती नव्हती, रक्तपात नव्हता. सौम्यात सौम्य सुधारणा म्हणता येईल असे हे विधेयक होते.

१० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आणि इतर जिल्ह्यांतून आलेले वीस हजारांच्या आसपास शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून गेले. बाबासाहेबांबरोबर शामराव परुळेकर आणि इंदुलाल याज्ञिक होते. शिष्टमंडळ पंतप्रधान बाळासाहेब खेरांना भेटले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांनी कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप केला. संसदीय मार्गाचा माणूस रस्त्यावर उतरत नाही, असे मानणाऱ्यांनी हे वर्ष वाचावे.

काँग्रेस सरकारने बाबासाहेबांचे विधेयक पुढे जाऊ दिले नाही. १९३९ मध्ये कूळ कायदा आला, त्यात 'संरक्षित कूळ' ही कल्पना आली. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. म्हणजे बाबासाहेबांनी विधेयक मांडल्यापासून बारा वर्षांनी. इतक्या सौम्य सुधारणेला सहा वर्षांचा संप, एक मोर्चा आणि एक तप लागले. 'हळूहळू' या शब्दाची खरी किंमत ही आहे आणि ती कुळांनी मोजली, खोतांनी नाही.

गागोदे आणि रोहा

आता दोन मोठी माणसे पाहू. दोघेही याच मातीतले, दोघेही रक्तपाताविना समता आणू पाहणारे.

विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. जन्म ११ सप्टेंबर १८९५. तेलंगणात शेतकरी हत्यार घेऊन जमीनदारांशी लढत होते, त्याच तेलंगणात पोचमपल्लीला १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबांना पहिले भूदान मिळाले. त्या दिवशी विनोबांपुढे जमीन मागायला उभे राहिले ते त्या गावचे दलित, हे पुष्कळांना माहीत नसते. पुढे विनोबा देशभर पायी फिरले. लाखो एकर जमीन दानात आली. पण त्यातली बरीच जमीन खडकाळ, वादातली किंवा केवळ कागदावरची निघाली आणि पुष्कळशा जमिनीचे वाटपच झाले नाही.

विनोबांच्या सचोटीवर आम्ही शंका घेत नाही. आमचा आक्षेप दान या शब्दावर आहे. दानात देणारा पुण्यवान ठरतो आणि घेणारा याचक. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या घामावर ती जमीन पिकली, त्याने ती हात पसरून घ्यायची आणि आभार मानायचे. दिलेली जमीन खडकाळ निघाली तर तक्रार कोणाकडे करणार? हक्क नसतो तिथे दाद नसते. हृदयपरिवर्तन बाबासाहेबांनाही हवे होते, पण मालकाच्या मर्जीवर ठेवलेली समता त्यांनी कधी स्वीकारली नाही.

दुसरे चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावी, बालपण रोह्यात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. १९५५ मध्ये आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. त्याच वर्षी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९ जानेवारी १९५६ रोजी देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले.

विमा सरकारच्या मालकीचा असावा ही मागणी बाबासाहेबांनी १९४७ मध्येच 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात केली होती. मग देशमुखांनी बाबासाहेबांचा समाजवाद आणला म्हणायचे का? एका कलमापुरते म्हणता येईल. पण पुढे काय झाले तेही पाहा. १९९९ च्या कायद्याने विमा खासगी कंपन्यांना खुला झाला. परकी भांडवलाची मर्यादा आधी २६ टक्के, २०१५ मध्ये ४९, २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. मे २०२२ मध्ये महामंडळाचे शेअर बाजारात विकायला काढले. एका संसदेने साध्या कायद्याने दिले, दुसऱ्या संसदेने साध्या कायद्याने काढून घेतले. वरून आलेल्या समाजवादाला खाली राखणदार नव्हता.

बाबासाहेबांचा आराखडा

हाच धोका बाबासाहेबांनी आधी ओळखला होता. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केले. त्यातला आराखडा थोडक्यात असा: मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे. विमा राज्याची मक्तेदारी. शेती हा राज्याचा उद्योग. जमिनीचे ठरावीक आकाराचे शेतमळे करून ते जात-धर्म न पाहता गावकऱ्यांच्या गटांना सामुदायिकपणे कसायला द्यायचे. गावात जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही, भूमिहीन मजूरही राहणार नाही. जुन्या मालकांना रोख्यांच्या रूपाने भरपाई. आणि हे सगळे संविधान अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत.

सगळ्यात महत्त्वाची अट वेगळीच होती. हा समाजवाद साध्या कायद्याने आणायचा नाही, तो संविधानातच लिहायचा. कारण साधा कायदा बहुमतावर अवलंबून असतो आणि बहुमत बदलते. हुकूमशाहीत समाजवाद टिकतो, पण माणसाचे स्वातंत्र्य जाते. संसदीय लोकशाहीत स्वातंत्र्य राहते, पण समाजवाद दर निवडणुकीला डुगडुगतो. दोन्ही टिकवायचे तर आर्थिक रचना मूलभूत हक्कांप्रमाणे बहुमताच्या हाताबाहेर ठेवायची. 'सुधारणा की क्रांती' या प्रश्नाला दिलेले हे उत्तर बर्नस्टाइनकडेही नव्हते आणि लक्झेंबर्गकडेही नव्हते.

हा आराखडा संविधानात आला नाही. इथे आपल्याला एका अवघड गोष्टीला तोंड द्यावे लागते. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शहा यांनी संविधानात 'समाजवादी' शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली आणि तिला विरोध केला तो खुद्द बाबासाहेबांनी. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत, असे ते म्हणाले. मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादी आशय आहेच, असेही त्यांनी दाखवले. १९४७ चे बाबासाहेब आणि १९४८ चे बाबासाहेब यांत ओढाताण आहे. ती लपवण्याचे कारण नाही. १९४७ मध्ये ते फेडरेशनच्या वतीने बोलत होते. १९४८ मध्ये मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून, काँग्रेसचे बहुमत असलेल्या सभेतून संविधान पार नेत होते. जे त्या सभेतून निघू शकत होते ते त्यांनी काढले.

काम अपुरे राहिले हे त्यांनीच सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की राजकारणात समता आणि आर्थिक-सामाजिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकत आहोत. ती लवकर मिटवली नाही तर विषमतेने होरपळलेले लोक ही लोकशाहीची इमारत उडवून देतील. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीने 'समाजवादी' शब्द उद्देशिकेत आला. शब्द आजही तिथे आहे. विमा मात्र बाजारात गेला. बाबासाहेबांचा १९४७ चा आराखडा बरोबर होता, याला याहून मोठा पुरावा कोणता?

मग हिंसेचे काय?

डावे मित्र म्हणतील, इतके दिसत असताना संसदेला का चिकटता? हा प्रश्न झटकण्याजोगा नाही. चिलीमध्ये साल्वादोर अयेंदे १९७० मध्ये मतपेटीतून निवडून आले, त्यांनी तांब्याच्या खाणी राष्ट्राच्या केल्या आणि ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने त्यांचे सरकार उलथवले. मालक वर्ग स्वतःच लोकशाही मोडतो, हे खरे आहे.

पण दुसरी बाजूही तपासा. १९५६ मध्ये काठमांडूच्या भाषणात आणि 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या लेखनात बाबासाहेबांनी साधा प्रश्न विचारला. बळाच्या जोरावर उभी केलेली समता, बळ काढून घेतल्यावर कशाच्या आधारावर उभी राहणार? मार्क्सचे ध्येय, म्हणजे शोषणाचा अंत, त्यांनी नाकारले नाही. हुकूमशाही नाकारली. माणसाच्या मनात समतेची निष्ठा रुजली नसेल तर राज्य विरून जाण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे, असे त्यांनी सांगितले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हा ज्यांच्या नावाने ते राज्य चालले, ते कामगार त्याच्या रक्षणासाठी उठले नाहीत. पस्तीस वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न तिथे खरा ठरला.

आणि हिंसेचा हिशेब जातीच्या समाजात वेगळाच लागतो. गावात हाणामारी झाली तर बौद्धवाडी कोणत्या टोकाला असते हे आपल्याला माहीत आहे. बंदूक आधी कोणाच्या दारात येते हेही माहीत आहे. क्रांतीची भाषा शहरात बसून करणाऱ्याला ती किंमत मोजावी लागत नाही.

सुधारणा कुठे थांबली

आता आपल्या बाजूच्या आळशी उत्तराकडे वळू. कूळ कायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजी 'कसणाऱ्याची जमीन' झाली. मोठी गोष्ट होती. कोकणातल्या असंख्य आगरी, कुणबी कुटुंबांचे आयुष्य त्याने बदलले. पण पेण-रोह्याच्या गावांत जाऊन विचारा, त्या दिवशी बौद्धवाडीत किती जण मालक झाले? कातकरवाडीत किती?

कारण कायद्यातच आहे. १९३९ च्या कायद्याने संरक्षित कूळ होण्यासाठी सहा वर्षांची वहिवाट मागितली. पुढचे कायदेही कूळ म्हणून नाव लागले आहे का, हेच विचारत गेले. ज्याचे नाव कागदावर होते तो मालक झाला. जो तोंडी बोलीवर कसत होता, जो मजुरीवर राबत होता, जो कुळाच्याही हाताखाली होता, त्याच्यासाठी त्यात काही नव्हते. खोती कायद्यातही खोतांच्या खासगी जमिनी त्यांच्याकडेच राहिल्या. जमीनदारांनी कुळांकडून 'स्वखुशीचे' राजीनामे घेतले, घरच्या कसणुकीच्या नावाखाली जमिनी परत घेतल्या. कायदा असूनही कुळे कशी काढली-बदलली जात होती, हे पुण्याच्या गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि खुदनपूर यांच्या अभ्यासाने १९५७ मध्येच दाखवले होते.

कातकऱ्याची स्थिती याहून वाईट. डोंगरउतारावरच्या दळी जमिनी इंग्रजांच्या काळापासून नाचणी-वरीसाठी कसायला दिलेल्या, पण मालकी नाही. घर दुसऱ्याच्या जागेत. पावसाळा संपला की कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली, उचल संपली नाही. २००६ चा वनहक्क कायदा आला, तोही आदिवासी संघटना वर्षानुवर्षे लढल्या म्हणून आला आणि जिथे लोक दावे घेऊन प्रांताच्या कचेरीत जाऊन बसले तिथेच पुढे सरकला.

हे फक्त कोकणाचे दुखणे नाही. केरळात १९५७ मध्ये निवडून आलेल्या कम्युनिस्ट सरकारने जमीन सुधारणा हाती घेतली. देशातल्या सर्वांत पुढारलेल्या जमीन सुधारणांत तिची गणना होते. तिथेही कुळे मालक झाली आणि शेतात राबणाऱ्या पुलयांना मुख्यतः झोपडीखालची काही सेंट जागा मिळाली. लाल झेंड्याखाली असो की तिरंग्याखाली, सुधारणा जातीच्या पायरीवर येऊन थांबते. ती कोणत्या पायरीवर थांबेल हे त्या पायरीवरच्या लोकांची संघटना ठरवते.

म्हणून दादासाहेब गायकवाडांचे नाव आम्ही इथे घेतो. १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पडीक आणि सरकारी जमीन भूमिहीनाला द्या, ही मागणी घेऊन लाखोंनी तुरुंगवास पत्करला. सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रहाची भाषा सोडा, असे बाबासाहेब १९४९ मध्ये म्हणाले होते. मग दादासाहेबांनी त्यांचा शब्द मोडला का? आम्हाला तसे वाटत नाही. भूमिहीनासाठी ते मार्ग खुलेच झाले नव्हते. जो कायदा त्याला ओळखतच नाही, त्या कायद्याच्या दारात उभे राहून त्याने आपले अस्तित्व दाखवले. आपली चळवळ नोकरी आणि राखीव जागांपुरती आहे असे म्हणणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नाही. दुर्दैवाने आपल्याही पुष्कळांना नाही.

बावीस गावांचे मत

शेवटचा धडा ताजा आहे. २००५ च्या कायद्यानंतर पेण, पनवेल, उरण तालुक्यांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी हजारो हेक्टर जमीन घ्यायचे ठरले. १८९४ च्या इंग्रजी भूसंपादन कायद्याने, एका खासगी कंपनीसाठी. शेतकरी उठले, एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते त्यांच्याबरोबर उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातील २२ गावांत सरकारला मत घ्यावे लागले. लोकांनी प्रचंड बहुमताने नाही म्हटले आणि पुढे ते भूसंपादन बारगळले. एक गोळी न झाडता, देशातल्या सर्वांत बलाढ्य भांडवलाला माघार घ्यावी लागली. संसदीय मार्गाला हसणाऱ्यांनी त्या गावांत एकदा जाऊन यावे.

पण आमच्या तरुणांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मत होते ते खातेदाराला. त्याच शेतांवर लावणी-कापणीला जाणारा कातकरी, बौद्धवाडीतला भूमिहीन मजूर, यांचे पोटही त्या जमिनीवरच होते. त्यांना मतपत्रिका मिळाली नाही. १९३९ मध्ये ज्या कागदावर नाव नव्हते, त्याच कागदामुळे २००८ मध्येही नाव नव्हते.

आता तिसऱ्या मुंबईच्या नावाने पुन्हा याच तालुक्यांत जमिनीची मोजणी सुरू आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबांत शेतमजूर आणि कुळांनाही धरले आहे, तीन वर्षांपासून त्या जमिनीवर उपजीविका असली पाहिजे एवढीच अट. ही सुधारणा खरी आहे. पण गावातल्या भूमिहीनांची यादी कोण करणार? ग्रामसभेत ती कोण वाचणार? थेट खरेदीची पळवाट काढून जमीन घेतली जाईल तेव्हा मजुराच्या हक्काचे काय, हे कोण विचारणार? ही कामे आपण केली नाहीत तर २०१३ चा कायदाही महाड नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावासारखा पडून राहील.

आमचे उत्तर

तर सुधारणांच्या वाटेने समाजवाद येतो का? आमचे उत्तर होय असे आहे, पण तीन अटींवर. सुधारणा शोषितांनी संघटित होऊन मिळवलेली हवी, कारण दानाने आलेली किंवा वरून आलेली टिकत नाही. ती अशा ठिकाणी लिहिलेली हवी जिथून पुढचे बहुमत ती सहज पुसू शकणार नाही. आणि तिचे मोजमाप सगळ्यात खालच्या पायरीवरून व्हायला हवे: खातेदाराला काय मिळाले यावरून नव्हे, भूमिहीन कातकरणीला काय मिळाले यावरून. या तीन अटी पूर्ण करणाऱ्या बदलाला कोणी सुधारणा म्हणो की क्रांती, आम्हाला शब्दाचे भांडण नाही. या अटी सोडल्या तर रक्तरंजित क्रांतीही शेवटी नव्या खोतांना जन्म देते.

डाव्या मित्रांना आमचे सांगणे एवढेच की १९३८ चा मोर्चा तुमचाही आहे. जात हा प्रश्न नंतरचा म्हणून बाजूला ठेवू नका, आपण पुन्हा बरोबर चालू. आणि आपल्या तरुणांना सांगणे असे की १४ एप्रिलला संविधानाची प्रत डोक्यावर घेऊन मिरवणूक काढाच, पण १५ एप्रिलला तलाठ्याकडे जाऊन गावचे सातबारे काढा. गायरान कोणाच्या ताब्यात आहे पाहा. दळीचे दावे कुठे अडलेत विचारा. आपल्या वाडीतल्या भूमिहीनांची यादी स्वतःच्या हाताने लिहा. चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षे शेत ओसाड ठेवले. आपल्याला निदान एवढे तरी करता आले पाहिजे.

जय भीम!